ठाणेदाराचं माहेर

ताई, आधी तुमच्या कामाचं सांगते, रडायचं मग बघू. ठाणेदार माझ्या स्वयंपाकघरातल्या छोट्या टाकीत आहे आणि चांगला धडधाकट आहे. सकाळी मी चहाचं आधण ठेवायला गेले की काचेपाशी येऊन कल्ले फुगवतो आणि माझ्यावर धावून येतो. त्याच्या लेखी मीही एक मासाच, फक्त जरा मोठा आणि बिनशेपटीचा. तुम्ही त्याला माहेरी पाठवलंत आणि परत न्यायला आलाच नाहीत. छातीत कसंतरी होतंय म्हणालात, दवाखान्याच्या वाटेवरच गेलात, तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गाड्यांनी निघून गेले, मांडववाले बांबूही घेऊन गेले. हा मात्र अजून इथेच आहे.

‘माहेरी पाठवणं’ हा शब्द तुमचाच. बैठकीतल्या मोठ्या काचपेटीत कोणी फारच माजला, की त्याला जाळीत धरायचं आणि मागच्या अंगणातून माझ्या चुलीपाशी आणायचं. तो नसताना त्याच्या घरातले दगड, छपराचे जुने कवेलू, सगळं हलवून टाकायचं. थोडे दिवस गेले की त्याला सर्वांत शेवटी परत सोडायचं. मग तो पाहतो तर त्याची गुहा जागेवर नाही, शेजारी बदललेले, बाकीचे सगळे आधीच बस्तान मांडून बसलेले. कालचा मालक आज पाहुणा होतो. “पायलं काय सुनंदा,” तुम्ही म्हणायच्या, “माहेराहून आलं का चार दिवस सारेच गरीब राह्यतात.” नर माशाला कसलं हो माहेर, असं मी विचारलं, तर म्हणालात, “काहून नाई? आपल्यालेच हवापालट लागते काय?”

तुमच्या अमितने कॉलेजात असताना हौसेने ती चार फुटी काचपेटी बैठकीत आणून ठेवली. गोंदियाच्या दुकानातून आफ्रिकेच्या तलावातले ते सिक्लिड आणले, निळे, पिवळे, एकाहून एक देखणे. मग नोकरी लागली आणि पोरगा रायपूरला निघून गेला. मासे आईच्या गळ्यात पडले आणि आईने अर्धे लगेच काकूच्या, म्हणजे धाकट्या जावेच्या गळ्यात बांधले. तेव्हा तुम्हाला वाटत होतं, दाणा टाकायचा आणि बघत बसायचं, मनाला शांती मिळते म्हणतात. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला हाक मारून आत बोलावलंत. “इकडं ये वं जरा. हे मासे हायत का गुंड?”

गुंडच होते. निळा नर पिवळ्याच्या मागे, पिवळा छोट्याच्या मागे, छोटा कोपऱ्यात. त्या निळ्याचं नाव तुम्ही ठाणेदार ठेवलंत, कारण त्याच्या कपाळावर कायमची आठी होती आणि तो पेटीत नुसती चक्कर मारायला निघाला तरी बाकीचे दडून बसत.

तेव्हा आपण तेच केलं जे कोणीही शहाणा माणूस करील. भांडतात ना, मग कमी करा. निम्मे मासे कॉलनीत वाटून टाकले. राहिले तीन. मला वाटलं, झालं, आता पेटीत जागाच जागा. ठाणेदाराने त्या मोकळ्या जागेत निवांतपणे एकेकाला गाठलं. सर्वांत धाकटा फिल्टरच्या नळीमागे अडकून मेला, शेपटीच्या चिंध्या झालेल्या. तुम्ही त्याला पेपरवर ठेवलंत. मग म्हणालात, “लांजीच्या बसमध्ये कधी मारामारी पाहली काय तू?” तुमचं माहेर लांजीचं, ती बस तुमच्या नेहमीची. मी म्हटलं, नाही. “कशी होईल? हात उचलाले जागा तं पायजे. आपण जागा देली, म्हणून मेला हा.”

माझा काडीचा विश्वास बसला नव्हता, हे आता सांगून टाकते. पण तुम्ही गोंदियाला जाऊन एकदम पिशव्या भरून मासे आणलेत, सगळे जवळपास सारख्या अंगाचे, आणि माद्या जास्त. दुकानवाल्याने सांगितलं होतं म्हणे, नराला एकच मादी दिली तर तो तिच्या जिवावर उठतो. तुमचं त्यावरचं भाष्य मी इथे लिहीत नाही, घरात पुरुषमाणसं आहेत. आणि खरंच, ठाणेदार गोंधळला. एकाच्या मागे धावायला निघाला की मध्ये दुसराच आडवा यायचा. राग धरायचा तरी कोणावर, हेच त्याला उमगेना. गर्दी वाढली तशी घाण वाढली, पाणी बदलणं वाढलं. तुम्ही शोध लावायचे आणि बादल्या मी उचलायच्या, ही आपली वाटणी होती. त्यात मी खूश होते.

मागच्या खोल्यांवर स्लॅब घातला तेव्हा छपरावरून उतरवलेले कवेलू परसात रचून ठेवले होते. तुम्ही ते धुऊन पेटीत उभे-आडवे लावलेत. यांनी, म्हणजे तुमच्या दिरांनी, नोकरीवरच्या तिरोडीच्या खाणीतून हौसेने काळे दगड आणले, तर तुम्ही एक हातात घेऊन बघितला आणि परत दिलात. “लय जड हाय. पडला तं काच जाईल.” यांचं तोंड एवढंसं झालं. कवेलूचं शास्त्र मात्र तुमच्या डोक्यात पक्कं होतं. दोन नरांच्या मध्ये एक तरी आड असला पाहिजे, त्यांची एकमेकांवर सारखी नजर पडायला नको. मी सुंदर दिसेल असं रचायची, तुम्ही येऊन मोडायच्या. “ते दिसाले चांगलं हाय. पण याच्या दारातून त्याचं दार दिसते. दिसलं का भांडण.” दाणासुद्धा तुम्ही पेटीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी टाकायच्या. ठाणेदार एका टोकाला पहारा द्यायला गेला की दुसऱ्या टोकाचे पोट भरून घ्यायचे. मला हे सगळं तुमच्याकडून शिकायला मिळालं आणि मी चांगली शिकले. आज बालाघाटात कोणाच्या घरी सिक्लिड भांडत असतील तर मी सांगू शकते काय करायचं. एवढा माज मला आहे आणि तो तुम्हीच दिलेला आहे.

आपलं एकाच गोष्टीवर कधी जमलं नाही. मी म्हणायची, ठाणेदाराला कायमचा काढा, गोंदियाला परत देऊन या. किती वेळा माहेरी पाठवायचं? आला की थोडे दिवस सरळ वागतो, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. तुम्ही आधी म्हणायच्या, एकाला काढलं तर दुसरा ठाणेदार होईल, ही खुर्ची कधी रिकामी राहत नाही. मी म्हणायची, होऊ द्या, दुसरा याच्याइतका हलकट नसेल. मग तुम्ही आवाज खाली आणून शेवटचं अस्त्र काढायच्या. “नाई वं. त्यायचा लय जीव हाय त्याच्यावर. ते म्हणतात, ठाणेदार गेला तं मछलीघराकडे पाहाची इच्छा होणार नाई.”

‘ते’ म्हणजे तुमचे मालक, माझे भासरे. पुढे मी काय बोलणार? भासरेबुवांशी मी बोलत नव्हते ना.

हे आजच्या पोरींना सांगितलं तर हसतात. मी राजेगावहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, समोरून जायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. सासूबाई गेल्या. पदर डोक्यावरून खांद्यावर आला, मी स्कूटी चालवायला लागले, शाळेत नोकरी धरली, पालकांच्या सभेत माइक हातात घेऊन बोलले. पण भासरेबुवांशी बोलणं तेवढं राहूनच गेलं. कोणाची मनाई उरली नव्हती. सुरुवात कोणी करायची एवढाच प्रश्न होता आणि इतक्या वर्षांनी ‘बसा’ किंवा ‘चहा घेता का’ इथून सुरुवात करायला दोघांनाही लाज वाटत असावी. ते बैठकीत, मी मागच्या खोल्यांत, आणि मधल्या दारातून तुम्ही. त्यांचं म्हणणं तुम्ही माझ्याकडे आणायच्या, माझं त्यांच्याकडे न्यायच्या. ‘अमितच्या काकूले सांग’ आणि ‘त्यायले सांगा’ यावर हे घर चाललं, आणि बरं चाललं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी नणंदबाई निघता निघता काचपेटीसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “आता हे कोण पाहील? वैनगंगेत सोडून द्या सारे. वहिनीच्या नावानं जीवदान होईल, पुण्य लागन.” मी मधल्या दारातूनच खणखणीत सांगितलं की आफ्रिकेचे मासे आहेत, नदीत एक तर मरतील, नाही तर नदीतल्यांना मारतील, आणि दोन्हींत पुण्य नाही. त्यांना राग आला. “मंग पाहाले कोण हाय? तू अन् दादा? तुमी दोघं तं एकमेकांसंगं बोलतबी नाई.” अमित तिथेच होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. म्हणाला, “काकू, पुढच्या महिन्यात आलो की बघतो. नाही जमलं तर सगळे मासे नेऊन कोणाला तरी देऊन टाकीन. पेटी रिकामी करू.” भासरेबुवा खुर्चीत बसून पेटीकडे बघत होते. ताई, त्या क्षणी मी ठरवलं की पेटी रिकामी होणार नाही. तुमचा हात लागलेली एवढी एकच जिवंत गोष्ट घरात होती. माणसं सोडून म्हणते आहे.

मग सकाळी भासरेबुवा फिरायला गेले की मी बैठकीत जायची, दोन्ही टोकांना दाणा टाकायची आणि ते येण्याच्या आत परत मागे. तुम्ही शिकवलं होतं तसं, चिमूटभर. तरी पाणी पांढुरकं व्हायला लागलं. बदललं, पुन्हा गढूळ. एक पिवळी मादी पोटात फुगली, कोपऱ्यात जाऊन श्वास घेत राहिली आणि गेली. मी पाण्यात मीठ घातलं, फिल्टर धुतला. तरी दुसरीही खाली बसायला लागली. मला समजेना माझं काय चुकतं आहे. मनात आलं, नणंदबाई म्हणाल्या तेच खरं होणार, आणि खूप रडले. तुमच्यासाठी पोटभर रडले ते तेव्हाच, तेरवीपर्यंत उसंतच मिळाली नव्हती.

एके दिवशी मी शाळेला निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि आठवलं की चष्मा राहिला. परत आले, तर बैठकीचं दार उघडं. भासरेबुवा पेटीसमोर उभे. डबी हातात. चिमूट टाकत होते, मासे वर आले की पुन्हा एक चिमूट, पुन्हा एक. पेटीकडे वाकून काहीतरी पुटपुटत होते. सर्कशीतल्या हत्तीला केळी घालावीत तसा दाणा घालत होता तो माणूस. माझं डोकंच फिरलं. चाळणीतून पीठ गळावं तसं तोंडातून निघून गेलं.

“भाऊजी, दाणा टाकू नका. मी सकाळीच टाकला.”

त्यांचा हात तसाच हवेत राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सवयीने मधल्या दाराकडे वळले, “अमितच्या काकूले सां...” म्हणाले आणि थांबले. त्या दारात कोणी नव्हतं. आम्ही दोघंही त्या रिकाम्या दाराकडे बघत राहिलो. मग ते वळले आणि पेटीतल्या माशांकडे बघत बोलले. “मी बी रोज टाकतो. मले वाटलं, आता यायले कोणी विचारत नाई.”

“मलेई तेच वाटलं होतं.”

“म्हणजे दोनदा?”

“हौ. दोनदा. अन् तुमच्या चिमटीत माह्या तीन बसतात.”

ते हसले. भासऱ्याला हसताना इतक्या जवळून मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांचा पुढचा दात पडलेला आहे, हेही मला माहीत नव्हतं. शाळेत निरोप पाठवला की आज उशीर होईल, आणि आम्ही पाणी बदलायला घेतलं. मी नळी धरली, त्यांनी बादल्या वाहिल्या. म्हणजे माझी जुनी जागा त्यांना आणि तुमची जागा मला मिळाली, हे मला दुसऱ्या बादलीला लक्षात आलं. तोवर नळीतलं पाणी फरशीवर जायला लागलं होतं.

काम चालू असताना बोलणं सोपं जातं. समोरासमोर बघावं लागत नाही. मी म्हटलं, “भाऊजी, एक गोष्ट राहून गेली. हे गाडीवरून पडून गोंदियाच्या दवाखान्यात होते तेव्हा तुमी ताईसंगं निरोप पाठवला होता. सुनंदाले सांग, भेऊ नको, मी हावो म्हणून. त्या निरोपावर मी ते दिवस काढले.”

ते बादली खाली ठेवून उभे राहिले. “मी?”

“हौ. ताईनं सांगितलं मले. डबा घेऊन आल्या होत्या तेव्हा.”

“मी नाई म्हणलं तसं,” ते म्हणाले. मग बादलीची कडी उभी-आडवी करत राहिले. “म्हणायचं होतं. तोंडातून निघालं नाई.”

ताई, हे काय करून ठेवलंत तुम्ही? दवाखान्याच्या त्या लांब ओसरीत डबा माझ्या मांडीवर ठेवून तुम्ही ते वाक्य मला त्यांच्या आवाजात सांगितलं होतंत, जरा घोगऱ्या, जरा अडखळत. मी तुमच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं. डोळ्यात तेल घालून मी यांच्या पलंगाशी बसले ते त्या आधाराच्या जोरावर. आणि तो आधार तुम्ही डब्यासारखा स्वतः रांधून आणला होतात. मला आधी संताप आला. वाटलं, आणखी कायकाय बनावट होतं? भाजीला मीठ कमी आहे पण चव छान आहे, हे त्यांचं म्हणणं? माझ्या शाळेतल्या बक्षिसाचा त्यांना अभिमान वाटला, ते? मी मनात एकेक निरोप काढून उलटसुलट करून पाहायला लागले. मग त्यांचं ते वाक्य आठवलं, म्हणायचं होतं, आणि राग बसला. तुम्ही खोटं काही सांगितलंच नव्हतं. जे त्यांच्या तोंडातून निघत नव्हतं तेवढं तुम्ही काढून आणत होतात.

आणि हे एकतर्फी नव्हतं, हेही लगेच कळलं. पाणी भरून झाल्यावर भासरेबुवा खुर्चीत टेकले आणि म्हणाले, “मी रिटायर झालो तेव्हा दिवसभर या खुर्चीत राहो. वाटे, घरातल्यायले अडचण होऊन राह्यली. तवा ही म्हणे, सुनंदा म्हणते का भाऊजी घरी हायत तं घर भरल्यावाणी वाटते. तेव्हापासून मले हलकं वाटलं. तुमी म्हणलं होतं ना तसं?”

आता खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे. ते रिटायर झाले तेव्हा मी तुमच्याजवळ कुरकुर करायची की आता बैठक कधी रिकामीच मिळत नाही, माशांपाशी बसायचं कधी. त्या कुरकुरीतून तुम्ही हे काढलंत. मी त्यांच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. उत्तरासाठी ते इतके थांबले होते.

“हौ,” मी म्हटलं. “म्हणलं होतं मी.”

तुमचा धंदा मी पुढे चालवला, ताई, आणि मला त्याची बिलकूल खंत नाही.

त्यानंतर आमचं ठरलं. दाणा सकाळी मी, संध्याकाळी ते, आणि चिमूट माझी. पाणी निवळलं. खाली बसलेली मादी वर यायला लागली. घरात मात्र बोलणं काही एकदम पूर आल्यासारखं आलं नाही. आम्ही माशांबद्दल बोलतो. फिल्टरचा आवाज येतो का, पांढरा कवेलू सरकला का. भाजीला मीठ कमी आहे हे ते आता तोंडावर सांगतात, आणि चव छान आहे हे सांगत नाहीत. तिथे तुमची उणीव फार भासते.

अमितचा फोन आला. मी सांगितलं, पेटी कुठेही जात नाही. तो म्हणाला, बाबांना विचारलं का. मी म्हटलं, तूच विचार, इथेच आहेत. फोन त्यांच्या हातात दिला. “राहू दे रे मछलीघर,” ते म्हणाले, “आमी दोघं हावो ना.” पलीकडून तो दोनदा ‘काय?’ म्हणाला. बापाच्या तोंडून ‘आमी दोघं’ म्हणजे कोण हे समजायला त्याला वेळ लागला असणार.

राहता राहिला ठाणेदार. आज रविवार, हे तिरोडीहून आलेले, जेवून आडवे झालेले. मी बैठकीत गेले आणि विषय काढला. इतकी वर्षं मी तुमच्याशी जो मुद्दा मांडत आले तो आज गिळून टाकायचा असं ठरवून गेले होते. दुःखात असलेल्या माणसाचा लाडका मासा काढून घेण्याइतकी मी दगड नाही.

“भाऊजी, ठाणेदाराले आज परत सोडू. लय दिवस झाले. तुमचा जीव हाय त्याच्यावर, ताई नेहमी सांगत.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “माहा? मले तं तो पहिल्या दिवसापासून नको होता. किती डाव म्हणलं हिले, दे गोंदियाले वापस. ही म्हणे, सुनंदाचा लाडका हाय, तिले वाईट वाटन. म्हणून मी गप.”

मी मटकन सोफ्यावर बसले. भासऱ्यासमोर सोफ्यावर, पाय लांब करून. मला आधी हसू आलं. दोन माणसांच्या मध्ये बरोबर जागा पाहून कवेलू उभा केलात की हो तुम्ही. इकडच्याला वाटावं तिकडच्याचा, तिकडच्याला वाटावं इकडच्याचा. दोघांनाही तो नको होता आणि दोघंही एकमेकांचं मन राखायला वर्षानुवर्षं त्याला पोसत होतो. हसता हसता मी थांबले. तेही थांबले. मग तो कोणाला हवा होता, हे आम्हा दोघांनाही एकदमच समजलं.

सगळ्यांचे मूकपणे केलेले हट्ट तुम्ही ओळखायच्या आणि त्यांच्यासाठी भांडायच्या. स्वतःसाठी काही मागायचं तर दुसऱ्याच्या नावावर मागायच्या. ‘अमितला आवडतं म्हणून’ पुरणपोळी, ‘सुनंदाचं मन आहे म्हणून’ गोंदियाची फेरी. तो हलकट निळा मासा तुम्हाला आवडत होता, ताई, त्याच्या आठीसकट. माजोरड्या, कोणाला नको असलेल्या त्या जिवाला पुन्हा एकदा घर द्यायचं, पुन्हा सगळं हलवायचं, पुन्हा वाट बघायची, यात तुम्हाला आनंद होता. तुम्ही नुसतं म्हणाला असतात, सुनंदा, मला आवडतो तो, तर मी एका शब्दाने वाद घातला नसता. हे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. तुम्ही नाही म्हणून ते भांडण संपलं असं समजू नका.

भासरेबुवा उठले, बाह्या दुमडल्या. “काय करायचं सांगा.”

मी सांगितलं. सगळ्यांना आधी दोन्ही टोकांना दाणा टाकला, पोट भरलेलं असलं की हातघाई कमी होते. मग कवेलू हलवले. त्यांचे हात जरा थरथरतात, पण त्यांनी एकही काचेवर आदळू दिला नाही. “हा तिकडं नको, इकडं. नाई, आडवा. याच्या दारातून त्याचं दार दिसून राह्यलं,” मी भासऱ्याला हुकूम सोडत होते आणि ते ऐकत होते. सासूबाईंनी पाहिलं असतं तर तिथेच डोळे फिरवले असते. सगळं रचून झालं तेव्हा मी दिवा बंद केला, खिडकीचा पडदा ओढला आणि माझ्या टाकीतून ठाणेदाराला जाळीत आणलं. सर्वांत शेवटी, तुमच्या पद्धतीने.

तो पाण्यात उतरला आणि सरळ डाव्या कोपऱ्यातल्या त्याच्या गुहेकडे गेला. तिथे आता सपाट वाळू होती. फिरून आला, पुन्हा गेला. एक नखाएवढी पिवळी मादी कवेलूतून बाहेर आली आणि त्याच्यावर धावून गेली. तो मागे हटला. ठाणेदार मागे हटताना मी आधीही पाहिला होता, भासरेबुवांनी मात्र पहिल्यांदाच पाहिला. ते खुर्ची ओढून पेटीसमोर बसले.

मला तो आजही आवडत नाही. थोड्या दिवसांनी तो पुन्हा कोणाच्या तरी शेपटीला लागेल, पुन्हा माझ्या चुलीपाशी येईल आणि आम्ही दोघं पुन्हा कवेलू हलवू. ते आता आमच्याकडे लागलं, तुम्ही काळजी करू नका. इतकी वर्षं या घरात तुम्ही सगळ्यांचे निरोप सगळ्यांना पोचवलेत. तुमचा स्वतःचा तेवढा कोणाकडे दिला नव्हतात. तो आज पोचला, ताई.